खालच्या कोर्टाचा हुकूम

माझे वडील बुलढाण्याच्या जिल्हा न्यायालयात चौतीस वर्षं कारकून होते. या चौतीस वर्षांत त्यांनी सर्वांत जास्त वेळा ऐकलेले शब्द म्हणजे ‘खालचं कोर्ट’. वकील म्हणायचे, खालच्या कोर्टात हरलो तर हरलो, वर बघू. पक्षकार म्हणायचे, खालच्या कोर्टाचं काय घेऊन बसलात. बाबा फायलीला दोरी बांधायचे, पानांवर आकडे घालायचे आणि कचेरी सुटली की सायकल काढायचे.

कोर्टाबद्दल त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक म्हणजे, ज्या पानावर आकडा नाही तो कागद नाही. आकडा खाली उजव्या कोपऱ्यात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच मालिकेत, आणि सगळ्यांच्या वर अनुक्रमणिका. दुसरी म्हणजे, सरकारला ‘तुझं काम कर’ असा हुकूम मिळवायचा असेल तर त्याला रिट म्हणतात, आणि रिट जिल्हा कोर्टात होत नाही. त्यासाठी उच्च न्यायालय. आमच्यासाठी नागपूर खंडपीठ. पहिल्या गोष्टीने मला अमेरिकेत तारलं. दुसरीने फिलाडेल्फियाला फुकटची चक्कर मारायला लावली.

ही २००७ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला राहत होतो. मी एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करत होते. ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाल्यावर मी नागरिकत्वाचा अर्ज केला आणि २००५च्या नोव्हेंबरात माझी मुलाखत झाली. इंग्रजी लिहून दाखवलं, राज्यघटनेवरच्या प्रश्नांची उत्तरं दिली, पास झाले. अधिकारी म्हणाला, ‘‘फक्त तुमच्या नावाची तपासणी बाकी आहे. पत्र येईल.’’

पत्र आलं नाही. पंधरा महिने आलं नाही. २००१नंतर प्रत्येकाचं नाव कुठल्या ना कुठल्या यादीशी ताडून पाहत होते आणि त्याला माझी हरकत नव्हती. हरकत होती ती त्याला काही मुदतच नाही याला. माझ्या ऑफिसात मी एखादी चाचणी पंधरा महिने उघडी ठेवली असती तर मला घरी पाठवलं असतं.

नुसती वाट पाहायची असती तर मी पाहिली असती. पण घरात एक मुलगी होती आणि ती ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात अठरा वर्षांची होणार होती. कायदा असा होता की आई किंवा वडील नागरिक झाले की ग्रीन कार्डावर इथेच त्यांच्याजवळ राहणारं अठरा वर्षांखालचं मूल त्याच क्षणी आपोआप नागरिक होतं. वाढदिवस उलटला की हे दार बंद. मग तिने स्वतः अर्ज करायचा आणि तिचंही नाव त्याच रांगेत माझ्यामागे उभं राहणार. तिला केंद्र सरकारच्या एका हवामान प्रयोगशाळेत, कॉलेज शिकता शिकता काम करण्याची जागा मिळाली होती. शाळेतून एकट्या तिची निवड झाली होती. सप्टेंबरात रुजू व्हायचं होतं, आणि अट एकच होती: रुजू होताना नागरिक असणं.

नवऱ्याचा उपयोग नव्हता. म्हणजे या कामी नव्हता. तो आपल्या आजारी वडिलांसाठी सव्वा वर्ष नागपूरला राहून आला होता, त्यामुळे त्याच्या पाच वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती. त्याने केलं ते बरोबरच केलं. पण आता सगळी भिस्त माझ्या फायलीवर होती आणि माझी फाइल कुठल्या टेबलावर आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

इंटरनेटवर आमच्यासारख्यांचा एक कट्टा होता. तिथे लोक आपापल्या तारखा लिहायचे. तिथेच मला कळलं की मुलाखतीनंतर एकशेवीस दिवसांत निर्णय दिला नाही तर अर्जदाराला फेडरल कोर्टात जाता येतं, आणि वकिलाशिवायही जाता येतं. मी त्याच दिवशी जेवताना सांगून टाकलं.

‘‘मी सरकारवर केस टाकतेय.’’

नवऱ्याने घास खाली ठेवला. ‘‘कुणावर?’’

‘‘अमेरिकेच्या सरकारवर.’’

‘‘यार, तू ठीक आहेस ना? आपण इथे पाहुणे आहोत. फाइल आत्ता निदान ढिगात तरी आहे. केस टाकलीस की ढिगाच्या तळाला जाईल.’’

‘‘आत्ता कुठे आहे?’’

‘‘काय माहीत.’’

‘‘मग तळाला नाही कशावरून?’’

मुलगी हसली. नवऱ्याने वाटीतली आमटी संपवली आणि म्हणाला, ‘‘तुझ्या वडिलांना विचार. ते कोर्टातले आहेत. ते नको म्हणतील.’’

शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळी, मी बाबांना फोन केला. ते नको म्हणाले नाहीत. आधी त्यांनी अर्जाची तारीख विचारली, मग मुलाखतीची, मग स्मरणपत्रं किती पाठवली आणि त्यांच्या पोचपावत्या आहेत का. सहा होती, सगळ्यांच्या पोचपावत्या होत्या. मग म्हणाले, ‘‘रिट आहे ही सरळ सरळ. पण जिल्ह्याला घालू नकोस. जिल्हा कोर्टात सरकारवर दावा लागतो, दोन महिन्यांची नोटीस देऊन लागतो, पण रिट नाही. खालच्या कोर्टाला तो अधिकारच नाही. वर जा.’’

‘खालचं कोर्ट’ हे शब्द त्यांच्याच तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

मी लायब्ररीतून एक पुस्तक आणलं. त्यात फेडरल कोर्टांचा तक्ता होता. तीन मजले. तळाला जिल्हा न्यायालयं, देशभरात चौऱ्याण्णव. त्यांच्यावर सर्किट, म्हणजे काही राज्यं मिळून एक अपील न्यायालय, आमचं फिलाडेल्फियाला. सर्वांत वर वॉशिंग्टनचं सर्वोच्च न्यायालय. मी तक्ता पाहिला आणि मनात बुलढाणा, नागपूर, दिल्ली असं लिहून टाकलं. शिवाय देशाबाहेर काढण्याच्या हुकमाविरुद्ध लोक थेट सर्किटकडेच जातात असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे इमिग्रेशनचं काम फिलाडेल्फियालाच. दोन अधिक दोन चार.

मुलगी शाळेत हेच शिकत होती. तिने माझ्या खांद्यावरून पहिलं पान वाचलं.

‘‘आई, इट सेज कोर्ट ऑफ अपील्स. यू हॅव नथिंग टु अपील.’’

‘‘आजोबा चौतीस वर्षं कोर्टात होते.’’

‘‘नॉट धिस कोर्ट.’’

‘‘तू अभ्यास कर.’’

‘‘धिस इज माय अभ्यास,’’ ती म्हणाली आणि निघून गेली.

तीन आठवडे मी रोज ऑफिसातून आल्यावर बसले. अर्जाची प्रत, मुलाखतीचा निकाल, सहा स्मरणपत्रं, सहा पोचपावत्या, मुलीचा जन्मदाखला, प्रयोगशाळेचं पत्र. बाबांच्या कोर्टात प्रत्येक पुराव्याला ‘निशाणी’ म्हणतात आणि तिला क्रमांक देतात. मीही दिले. एकूण एकतीस पानं, खाली उजव्या कोपऱ्यात आकडे, वर अनुक्रमणिका. चार संच. फेब्रुवारीत मुलीला शाळेची सुट्टी होती, मी रजा टाकली आणि आम्ही दोघी गाडीने फिलाडेल्फियाला गेलो.

इमारत मोठी होती आणि आत कोणी नव्हतं. मी कोर्ट म्हणून जी जागा ओळखते तिथे व्हरांड्यात माणसं उकिडवी बसलेली असतात, चहावाला फिरत असतो, शिपाई नावं पुकारत असतो. इथे आमच्या बुटांचा आवाज येत होता. खिडकीत साठीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. मी संच पुढे सरकवला. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग अनुक्रमणिकेवर परत आल्या.

‘‘तुमच्याविरुद्ध निकाल कुणी दिला?’’

‘‘कुणीच नाही. तीच तर तक्रार आहे.’’

‘‘मग आम्ही तपासायचं काय?’’ त्यांनी चष्मा काढला. ‘‘बाई, आमच्याकडे कुणी काही सुरू करत नाही. आम्ही दुसऱ्यांनी संपवलेलं वाचतो. खाली एखादा जज काहीतरी ठरवतो, कुणाला ते पटत नाही, मग ते इथे येतात. तुमचं तर कुणी काही ठरवलेलंच नाही.’’

‘‘पण हे सरकारविरुद्ध आहे.’’

‘‘असू दे. सरकारविरुद्धही तिथेच सुरू होतं. ट्रेंटनला जा. जिल्हा न्यायालयात.’’

‘‘जिल्ह्याचा जज केंद्र सरकारला हुकूम देऊ शकतो?’’

‘‘रोज देतात,’’ त्या म्हणाल्या. संच परत करताना मात्र थांबल्या. अंगठ्याने पानांचे कोपरे सर्रकन चाळले. ‘‘हे कुणी लावलंय?’’

‘‘मीच.’’

‘‘छान लावलंय. फक्त इमारत चुकली.’’

मुलगी माझ्यापुढे झपझप पार्किंगपर्यंत चालत गेली. गाडीत बसल्यावर पट्टा लावता लावता म्हणाली, ‘‘आय ॲम नॉट सेइंग एनिथिंग.’’

‘‘नकोच म्हणूस.’’

‘‘आय ॲम जस्ट सिटिंग हिअर. अभ्यास करतेय.’’

घरी आल्यावर मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. कट्ट्यावर कोण काय म्हणतंय ते सोडलं आणि मूळ कलम शब्दशः वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: अर्जदार जिथे राहतो तिथलं जिल्हा न्यायालय. वीस वर्षं मी माझ्या हाताखालच्या पोरांना सांगत आलेय की तपासायला बसण्याआधी काय मागितलंय ते मुळातून वाचा. ही गोष्ट मी ऑफिसात कुणाला सांगितली नाही.

आणखी वाचल्यावर माझी दुसरीही चूक कळली. मी एक शिडी धरून चालले होते; इथे दोन होत्या. राज्याची एक, तालुक्यापासून स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत वेगळी. पूर्वी एकदा मला गाडी जोरात चालवल्याबद्दल जिथे उभं राहावं लागलं होतं ते कोर्ट त्या शिडीचं. भाडेकरू, घटस्फोट, चोऱ्यामाऱ्या बहुतेक सगळ्या तिथेच. दुसरी शिडी केंद्राची, म्हणजेच फेडरल, आणि नागरिकत्व हा केंद्राचा विषय. आपल्याकडे खालून वरपर्यंत एकच जिना असतो, त्यामुळे शेजारी दुसरा असेल अशी शंकाच येत नाही.

नव्याने फक्त मुखपृष्ठ आणि ‘या न्यायालयाला अधिकार का आहे’ हा परिच्छेद लिहावा लागला. रिटची भाषा काढून सरळ कलमाची घातली. बाकी पानं, आकडे, निशाण्या तशाच राहिल्या. पुढच्या आठवड्यात ट्रेंटनला खिडकीतल्या माणसाने चार ठिकाणी शिक्का मारला, वर एक क्रमांक घातला आणि समन्स दिलं. वादी मी. प्रतिवादी म्हणून केंद्र सरकारचे मोठमोठे अधिकारी, पदनामांनिशी. मी ते पान दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा नुसतंच, आवडलं म्हणून.

समन्स पोचवायची जबाबदारी ज्याने केस टाकली त्याचीच होती. पण वादीने स्वतः पोचवायचं नाही असा नियम. दुसऱ्या कुणीतरी, आणि तो माणूस अठरा वर्षांचा हवा.

‘‘मी करते,’’ मुलगी म्हणाली.

‘‘तू सतरा वर्षांची आहेस. म्हणून तर हे सगळं चाललंय.’’

दोघींनी नवऱ्याकडे पाहिलं. तो बिचारा टीव्ही पाहत होता. दुसऱ्या दिवशी त्याने पोस्टात उभं राहून सगळी पाकिटं रजिस्टर करून पाठवली, पोचपावतीची हिरवी कार्डं लावली आणि शपथेवर सही केली की मी अमुक दिवशी समन्स बजावलं. सही करताना म्हणाला, ‘‘आता तळाला गेलो तर तिघं मिळून जाऊ.’’ पण पावत्या त्याने स्वतःच्या पाकिटात ठेवल्या आणि कार्डं परत येईपर्यंत रोज आधी पत्रपेटीकडे जायला लागला.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. ‘‘जावईबापू बेलीफ झाले म्हणायचे.’’ मग गंभीर झाले. ‘‘पण तू जिल्ह्याला घातलंस?’’

‘‘इथे तिथेच घालतात, बाबा.’’

‘‘जिल्ह्याचा जज्ज दिल्लीला, म्हणजे तुमच्या वॉशिंग्टनला, समन्स काढतो?’’

‘‘काढलं. माझ्यासमोर शिक्का मारला.’’

‘‘कुठला जिल्हा?’’

‘‘न्यू जर्सी.’’

‘‘ते राज्य ना?’’

‘‘अख्खं राज्य म्हणजे एक जिल्हा. जज बरेच आहेत. राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजूर करतं, मग मनात येईल तोवर राहायचं.’’

‘‘निवृत्ती नाही?’’

‘‘वयाची सक्ती नाही.’’

‘‘आणि बदली?’’

‘‘बदलीही नाही.’’

 चौतीस वर्षांत बाबांनी किती जज आलेले आणि गेलेले पाहिले असतील ते तेच जाणोत. ‘‘बदली नाही,’’ ते पुन्हा म्हणाले. ‘‘मग तो कुणाला भिणार?’’

सरकारला उत्तर द्यायला साठ दिवस होते. बाबा म्हणाले, बघ, दोन महिने, इकडेही तेवढेच. त्या दिवसापासून दर शनिवारी मी त्यांना रोजनामा वाचून दाखवू लागले. प्रत्येक खटल्यात कोणत्या दिवशी काय झालं याची नोंद कोर्ट ठेवतं, आणि इथे ती घरच्या संगणकावर दिसायची. बाबांनी रोजनामा आयुष्यभर हाताने लिहिला होता. तो पिस्कॅटवेच्या स्वयंपाकघरात बसून वाचता येतो हे त्यांना खटल्यापेक्षाही मोठं वाटलं. ‘‘वाच,’’ म्हणायचे. मी वाचायचे: एक, दावा. दोन, समन्स. तीन, बजावणीचा पुरावा. ते तिकडे ‘हं’ म्हणायचे, जणू कुणी सहीसाठी फाइल पुढे ठेवतंय.

मेच्या सुरुवातीला सरकारी वकिलाचा फोन आला. आवाजावरून तरुण, बोलायला नम्र. त्याला आणखी साठ दिवस हवे होते आणि माझी संमती हवी होती.

‘‘साठ दिले तर जुलैचा मध्य येतो,’’ मी म्हटलं. ‘‘पुढे तुम्ही पुन्हा मागाल. माझी मुलगी ऑगस्टमध्ये अठराची होते. संमती नाही.’’

‘‘मॅम, साधारणपणे लोक देतात.’’

‘‘देत असतील.’’

त्याने कोर्टाकडे अर्ज केला. आठवड्याने मला पत्र आलं की मॅजिस्ट्रेट जज फोनवरून दोघांचं ऐकतील. मॅजिस्ट्रेट म्हणजे आपल्याकडे फौजदारी, म्हणून मी आधी दचकले, मग आता शहाणी झाले होते म्हणून वाचलं. जिल्हा न्यायालयात जिल्हा जजच्या हाताखाली हे जज असतात. तारखा, मुदती, खटल्याची सगळी आवराआवर तेच बघतात.

ऑफिसात खोली मिळेना. मी पार्किंगमध्ये गाडीत बसले, काचा वर केल्या, संच स्टिअरिंगवर टेकवला. ठरलेल्या वेळेला फोन आला. मॅजिस्ट्रेट बाई होत्या. आवाज कोरडा, बोलणं भराभर. मला बरं वाटलं. मला अशीच माणसं आवडतात.

त्यांनी वकिलाला विचारलं, ‘‘तपासणी आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे?’’

‘‘युअर ऑनर, आत्ता मला सांगता येणार नाही. देशभर अशी बरीच प्रकरणं आहेत.’’

‘‘मी या प्रकरणाचं विचारतेय.’’

‘‘माहीत करून घ्यावं लागेल.’’

‘‘मॅडम, तुमचा आक्षेप काय?’’

मी म्हटलं, ‘‘वेळ द्यायला हरकत नाही, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापलीकडे जाणारा वेळ नको. मुलगी अठराची झाली की तिचा हक्क जातो. सप्टेंबरात तिला कामावर रुजू व्हायचंय. जन्मदाखला पान सत्तावीस. प्रयोगशाळेचं पत्र पान अठ्ठावीस.’’

फोनमध्ये दोन जागी कागदांचा आवाज आला. एक आवाज लगेच थांबला.

‘‘सत्तावीस. सापडलं,’’ मॅजिस्ट्रेट म्हणाल्या.

दुसरा आवाज चालूच होता. वकील म्हणाला, ‘‘क्षमा करा, माझ्याकडे, एक मिनिट...’’

‘‘खाली उजव्या कोपऱ्यात,’’ मी म्हटलं.

‘‘हो. मिळालं.’’

मॅजिस्ट्रेटनी पान अठ्ठावीसही वाचलं, मी वाट पाहिली. मग म्हणाल्या, ‘‘साठ नाही. तीस दिवस. तिसाव्या दिवशी तपासणी झालेली असेल, नाहीतर का झाली नाही हे सांगणारा माणूस माझ्यासमोर प्रत्यक्ष हवा. फोनवर नाही. आणखी काही?’’

आणखी काही नव्हतं. सगळं मिळून नऊ मिनिटं. मी संच बॅगेत ठेवला आणि वर जाऊन उरलेली मीटिंग केली.

तेविसाव्या दिवशी त्याच वकिलाचा फोन आला. तपासणी झाली, काही निघालं नाही. पंधरा महिने आणि वर आणखी काही महिने जे होत नव्हतं ते तेवीस दिवसांत झालं. त्याच्या आवाजात सुटका होती. मला वाटतं त्यालाही कुणाला तरी प्रत्यक्ष उभं करायचं नव्हतं. आता खात्याला माझा अर्ज मंजूर करायचा होता, पण प्रकरण कोर्टाच्या ताब्यात असल्यामुळे खात्याला आपणहून हात लावता येत नव्हता. कोर्टाने परत पाठवल्याशिवाय काही नाही. त्याने तशा हुकमाचा मसुदा पाठवला. शपथ घेतल्याशिवाय नागरिकत्व नाही, म्हणून मी त्यात चार शब्द घालायला लावले: ‘पंचेचाळीस दिवसांच्या आत शपथविधीसह’. तो म्हणाला, मॅम, ते होईलच. मी म्हटलं, मग लिहायला काय हरकत आहे? त्याने लिहिलं. जूनअखेर जिल्हा जजने सही केली.

त्या जजला मी कधीच पाहिलं नाही. हुकूम दीड पानांचा होता. खाली सही, वर न्यू जर्सीच्या जिल्हा न्यायालयाचं नाव, मध्ये केंद्राच्या खात्याने काय करायचं आणि किती दिवसांत. मी त्याची एक प्रत बुलढाण्याला पाठवली.

शपथविधी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाला. मुलीच्या वाढदिवसाला सोळा दिवस होते. शंभरेक माणसं होती, कुठल्या कुठल्या देशांची, बरीच जण नव्या कपड्यांत. मी ऑफिसच्याच कपड्यांत गेले, दुपारी परत जायचं होतं. नवरा मात्र सूट घालून आला होता. मुलीला शपथ घ्यायची नव्हती. कायद्याने तिला काहीच करायचं नव्हतं. मी हात वर करून म्हणत होते ते शब्द संपले तेव्हा ती मागच्या बाकावर बसून फोनवर मैत्रिणीला मेसेज टाइप करत होती. तसं करता करताच ती नागरिक झाली. मी वळून पाहिलं. तिने मान वर केली आणि भुवया उंचावल्या: झालं? मी मान हलवली. ती पुन्हा टाइप करायला लागली, पण आता तिला नीट दिसत नव्हतं असं तिच्या बापाने मला नंतर सांगितलं. मला ते तिथून दिसलं नाही.

त्या शनिवारी बाबांनी फोन उचलला तोच म्हणाले, ‘‘कागद मिळाला. कोर्टात घेऊन गेलो होतो.’’

‘‘कुठल्या कोर्टात?’’

‘‘आपल्या. बाररूममध्ये. ते जुने वकील अजून येतात, नुसते बसायला. त्यांना वाचायला दिला.’’ हे वकील म्हणजे ज्यांच्या तोंडी ‘खालचं कोर्ट’ हे शब्द सकाळच्या चहासारखे असायचे ते.

‘‘मग? काय म्हणाले?’’

‘‘दोनदा वाचला. म्हणाले, हे जिल्हा न्यायालय? मी म्हटलं, वर लिहिलंय ना. म्हणाले, तिकडचं वेगळं असतं. मी म्हटलं, असेल. कोर्ट तिकडचं आहे. फाइल आपल्या पद्धतीची होती.’’

‘‘तुम्ही असं म्हणालात?’’

‘‘म्हटलं. का, खोटं आहे?’’

खोटं नव्हतं.

सप्टेंबरात प्रयोगशाळेने मुलीकडे कागदांच्या प्रती मागितल्या: माझं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, तिचा नवा पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचे दाखले. तिने त्या जेवणाच्या टेबलावर एकावर एक लावल्या. मी भाजी चिरत होते. थोड्या वेळाने ओट्यावरून पाहिलं तर ती पेन घेऊन प्रत्येक पान उलटत होती आणि खाली उजव्या कोपऱ्यात काहीतरी लिहीत होती.

मी पाहतेय हे तिच्या लक्षात आलं.

‘‘डोन्ट,’’ ती म्हणाली. ‘‘आई, डोन्ट से अ वर्ड.’’

मी फक्त म्हटलं, ‘‘अनुक्रमणिका?’’

तिने सगळ्यांत वरचा कागद उचलून मला दाखवला.